औषधावरच्या कवितेची मात्रा कशी मोजावी?

‘पुढील कवितेचे रूप आणि भाव यांचे विश्लेषण करा’ असा प्रश्न समोर आला की बहुतेक विद्यार्थी एकच वाट धरतात. कविता आजाराबद्दल असेल तर भाव दुःखाचा आणि वैद्याबद्दल असेल तर कृतज्ञतेचा असे लिहायचे, ओळी मोजायच्या, यमक आहे की नाही ते सांगायचे आणि उत्तर संपवायचे. विद्यार्थ्यांनाच कशाला बोल लावावा? रुग्णालयावरची एखादी कविता वाचून गलबलून गेलेल्या प्रौढ वाचकालाही ‘नेमके कशामुळे गलबललात?’ असे विचारले, तर तो विषयाकडेच बोट दाखवतो. पण आजारावरच्या शेकडो कविता आपण कोरड्या डोळ्यांनी वाचून पुढे जातो आणि त्यांतली एखादीच मनात घर करते. विषय तर सगळ्यांचा एकच असतो. म्हणजे फरक विषयात नाही, तो दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि तो कुठे शोधायचा हे शिकता येते, असे मला अनेक वर्षांच्या वाचनानंतर ठामपणे वाटते.

रूप म्हणजे काय, भाव म्हणजे काय

कवितेचे रूप म्हणजे तिची दिसणारी आणि ऐकू येणारी बांधणी. ओळींची लांबी, कडव्यांची रचना, वृत्त किंवा छंद, यमक, ओळ कुठे तुटते, क्रियापदे किती आहेत, कोण कोणाशी बोलते आहे, हे सगळे त्यात येते. भाव म्हणजे कविता वाचताना वाचकाभोवती तयार होणारे वातावरण. याच्या जवळचाच तिसरा शब्द म्हणजे सूर, आणि त्याची भावाशी नेहमी गल्लत होते. सूर हा बोलणाऱ्याचा असतो, तर भाव हा संपूर्ण कवितेचा असतो. एखादी परिचारिका अगदी कोरड्या सुरात रुग्णाचा ताप सांगत असेल आणि तरीही ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येत असेल, तर तिथे सूर आणि भाव वेगळे झालेले असतात. वैद्यकावरच्या चांगल्या कवितांमध्ये हे दोन्ही फार वेळा वेगळे असतात, म्हणून हा भेद सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा.

रूप आणि भाव यांचे नाते समजायला चालीचे उदाहरण घ्या. एखादा ओळखीचा माणूस दुरून येतो आहे, त्याचा चेहरा दिसत नाही, शब्द ऐकू येत नाहीत. तरी त्याच्या चालीवरून तो दमलेला आहे की आनंदात आहे हे आपल्याला कळते. कवितेचे रूप ही तिची चाल असते. शब्दांचा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती काहीतरी सांगू लागलेली असते.

मात्रा हा शब्द दोन्हीकडे कसा?

मराठी वाचकाला या विषयात एक सोय आहे, कारण आपल्या भाषेत वैद्यक आणि काव्य यांचे कितीतरी शब्द एकच आहेत. औषधाचा गुण येतो आणि काव्यालाही गुण असतात. शरीरात वात, पित्त आणि कफ हे दोष मानले आहेत, तर काव्यशास्त्रात काव्यदोषांची चर्चा आहे. ‘रस’ हा आयुर्वेदात शरीरातला पहिला धातू, म्हणजे शरीर धारण करणारा पहिला घटक आहे आणि काव्यचर्चेचा तर तो मध्यबिंदू आहे. विषावर उतारा असतो आणि पुस्तकातूनही आपण उतारा काढतो. ‘निदान’ म्हणजे रोगाची ओळख, पण ‘निदान एकदा तरी भेट’ असे म्हणताना त्याच शब्दात किती आर्जव असते! औषधावर कविता लिहिणाऱ्या मराठी कवीच्या हाताशी हे दुपेडी शब्द आयतेच असतात, आणि वाचकानेही अशा शब्दांपाशी घटकाभर थांबावे.

मात्रा हा त्यांतला आपल्या कामाचा शब्द. वैद्यकात मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण. छंदशास्त्रात मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची 1 मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या 2 मात्रा. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला तर तेही गुरू होते. काही वृत्तांमध्ये लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, काहींमध्ये ओळीतल्या एकूण मात्रा ठरलेल्या असतात, आणि ओवी-अभंगासारख्या छंदांमध्ये वजनाकडे न पाहता केवळ अक्षरांची संख्या पाहतात. चौथा प्रकार मुक्तछंदाचा, ज्यात यांपैकी कोणतेही बंधन आधी ठरवलेले नसते. पुढच्या चर्चेसाठी एवढी ओळख पुरेशी आहे.

वैद्यकच जेव्हा पद्यात लिहिले जाई

वैद्यकावरची कविता म्हटले की आज आपल्यासमोर रुग्णाची खाट येते. पण या विषयावरचे फार मोठे पद्यवाङ्मय रुग्णाच्या दुःखासाठी लिहिलेले नाही, ते वैद्याच्या पाठांतरासाठी लिहिले गेले. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदावरचा ग्रंथ मुख्यतः श्लोकबद्ध आहे. इब्न सीना (980–1037) या वैद्य-तत्त्वज्ञाने अरबीत वैद्यकावर तेराशेहून अधिक ओळींचे दीर्घ पद्य रचले. मध्ययुगात इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकपीठाच्या नावावर आरोग्याचे नियम सांगणारी लॅटिन पद्ये युरोपभर फिरत होती. ग्रंथ दुर्मीळ असताना वैद्याच्या डोक्यात माहिती टिकली पाहिजे, आणि पद्य टिकते, हे त्यामागचे साधे कारण. एक शब्द गळला तर वृत्त अडखळते, म्हणजे चूक लगेच कानाला कळते.

अशा पद्याचा भाव कोणता? मी म्हणेन, विश्वासाचा. समजण्यासाठी भुजंगप्रयात वृत्तात मीच जुळवलेल्या या दोन ओळी पाहा:

कडू औषधाची नको रे उपेक्षा
असे वैद्य सांगे तुझ्या जीवितार्थे

लघु-गुरू-गुरू हा क्रम प्रत्येक ओळीत चार वेळा येतो आणि बोलणाऱ्याला कसलीही शंका नाही, असे त्या चालीतूनच वाटू लागते. त्यातच रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात असल्यामुळे मराठी कानाला ही चाल ऐकताच हिताचा उपदेश अपेक्षित होतो. जुन्या वृत्ताबरोबर त्याची जुनी संगतही येते. म्हणूनच उद्या एखाद्या कवीने, ज्याच्यावर कोणतेच औषध लागू पडत नाही अशा रुग्णाचे मनोगत भुजंगप्रयातात लिहिले, तर चाल धीर देत राहील आणि शब्द धीर सोडत राहतील. त्या ओढाताणीतून जो भाव निर्माण होईल, तो नुसत्या शब्दांतून किंवा नुसत्या वृत्तातून आला नसता.

आठ ओळींची एक कविता जवळून पाहू

आता विश्लेषण प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. पुढची कविता मी या लेखासाठीच रचली आहे. ती मोठी कविता आहे असा माझा दावा नाही, पण रूप आणि भाव यांचा सांधा तिच्यात बोट ठेवून दाखवता येतो. तिच्यातला डबा म्हणजे आठवड्याच्या गोळ्या ठेवायचा डबा, ज्यात प्रत्येक वाराचा वेगळा खण असतो.

सकाळची गोळी एक
दुपारची गोळी अर्धी
डब्यावर वार सात
उशापाशी त्यांची गर्दी

झोपताना दोन गोळ्या
कोमटसे पाणी पुरे
मंगळवारचा खण
बुधवारी तसा उरे

आधी ती मोठ्याने वाचावी, आणि वाचताना टेबलावर बोटाने ठेका धरावा. ही पायरी कृपा करून गाळू नये. डोळ्यांनी वाचताना आपण अर्थाच्या मागे धावतो आणि चाल निसटते.

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. त्यांची वाटणीही ठरल्यासारखी आहे: सकाळची, गोळी, एक. चार, दोन, दोन. दुपारची, गोळी, अर्धी. पुन्हा चार, दोन, दोन. डब्यावर, वार, सात. उशापाशी, त्यांची, गर्दी. झोपताना, दोन, गोळ्या. कोमटसे, पाणी, पुरे. सहा ओळी हा ठेका अजिबात ढळत नाही, आणि चौथ्या अक्षरानंतर आवाज किंचित विसावतो. या विसाव्याला यती म्हणतात. त्यानंतर सातवी ओळ येते. ‘मंगळवारचा’ हा एकच शब्द सहा अक्षरांचा आहे. चौथ्या अक्षरावर विसावायची सवय झालेला आवाज ‘मंगळवा’पर्यंत येतो आणि तिथे विसाव्याला जागाच नसते. टेबलावरचे बोट क्षणभर हवेत राहते. काही बिघडले आहे हे अर्थ कळायच्या आधी बोटाला कळते.

आता क्रियापदे पाहू. पहिल्या कडव्यात एकही क्रियापद नाही. ‘सकाळची गोळी एक’ हे वाक्य नाही, ती नोंद आहे. औषधचिठ्ठी अशीच लिहिली जाते, कारण तिला वेळ आणि प्रमाण एवढेच सांगायचे असते. कवितेने चिठ्ठीचे रूप उसने घेतले आहे. वैद्यकावरच्या कवितांमध्ये हे वारंवार दिसते: तपासणीचा अहवाल, केस पेपर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, डॉक्टर आणि रुग्ण यांची प्रश्नोत्तरे, ही सारी रूपे कवी उचलतात. अशी उसनी रूपे ओळखता आली की विश्लेषणाचे अर्धे काम झाले, कारण पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: या रूपात जे बसत नाही, ते कवितेत कुठून डोकावते आहे?

आपल्या कवितेत ते शेवटी डोकावते. संपूर्ण कवितेत दोनच क्रियापदे आहेत, ‘पुरे’ आणि ‘उरे’, आणि ती यमकाने एकमेकांना बांधलेली आहेत. यमकाला पुष्कळ वाचक दागिना समजतात, पण यमक दोन शब्दांना शेजारी बसवते आणि त्यांची तुलना करायला लावते. ‘कोमटसे पाणी पुरे’ याचा सरळ अर्थ गोळी गिळायला तेवढे पाणी पुरेसे आहे असा. पण ‘पुरे’ हा शब्द आपण ‘आता थांबा’ या अर्थानेही वापरतो. पुढे ‘उरे’ आला की मागच्या ‘पुरे’वर ती दुसरी छटा चढते. पहिल्या वाचनात सूचना वाटलेली ओळ दुसऱ्या वाचनात कोणाचा तरी नकार वाटू लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे कवितेत माणूस नाही. रुग्ण नाही, गोळ्या देणारे कोणी नाही, ‘मी’ही नाही. ‘गर्दी’ हा एरवी माणसांसाठी येणारा शब्द इथे डब्यावरच्या वारांसाठी आला आहे. उशापाशी गर्दी आहे, पण ती माणसांची नाही. एकटेपणा हा शब्द न वापरता एकटेपणा आला आहे, आणि तो ‘त्यांची’ या साध्या सर्वनामाने आणला आहे.

मग हिचा भाव कोणता म्हणायचा?

इथे आपल्याच परंपरेतला जुना विचार उपयोगी पडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, नववा शांत रस पुढे जोडला गेला. त्यांतला करुण रस शोक या स्थायी भावातून निर्माण होतो, म्हणजे मनात मुळापासून असलेल्या भावनेतून. पण ‘शोक’ हा शब्द उच्चारून शोक प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी त्याला जागे करणारे कारण दाखवावे लागते, ते म्हणजे विभाव; आणि त्याची बाहेर दिसणारी खूण दाखवावी लागते, तो अनुभाव. रुग्णाची रिकामी खाट हा विभाव, रडणे हा अनुभाव.

आपल्या कवितेत विभाव आहे, तो म्हणजे न उघडलेला खण. अनुभाव मात्र नाही. कोणी रडत नाही, कोणी उसासा टाकत नाही. कवितेने ती जागा मोकळी सोडली आहे आणि ती वाचकाने भरायची आहे. म्हणून ‘कवितेचा भाव दुःखाचा आहे’ एवढे लिहिणे अपुरे ठरते. ‘नोंदवहीसारख्या कोरड्या सुरात सुरू झालेली कविता सातव्या ओळीत अडखळते आणि न बोललेल्या शोकापाशी येऊन थांबते’ असे लिहिले, तर भाव कोणता आहे आणि तो कशातून आला आहे, ही दोन्ही उत्तरे एकाच वाक्यात मिळतात. भाव हा बहुधा एका जागी बसून राहत नाही, तो सरकतो. तो कुठून कुठे सरकला आणि कोणत्या ओळीवर सरकला, हे सांगणे म्हणजे विश्लेषण.

मुक्तछंदाला रूपच नसते, तिथे काय पाहायचे?

हा आक्षेप हमखास येतो. वैद्यकावरच्या आजच्या कविता बहुतांशी मुक्तछंदात असल्यामुळे त्याला उत्तर देणे गरजेचेही आहे. तोच प्रसंग मुक्तछंदात असा लिहिता येईल:

गोळी घेतलीस का
असं विचारायला
तोंड उघडलं
आणि
पेल्यातलं पाणी
गार होत गेलं

इथे अक्षरांची मोजणी काही सांगणार नाही. पण ‘आणि’ हा शब्द एकटाच एका ओळीवर उभा आहे. गद्यात आपण ‘आणि’वर कधीच थांबत नाही. इथे ओळ तुटल्यामुळे थांबावे लागते, आणि त्या थांब्यात जे घडायचे ते घडून जाते. प्रश्न पूर्ण विचारला गेला का, हेही कविता सांगत नाही. मुक्तछंदात रूप आधी ठरवलेले नसते, ते प्रत्येक ओळीवर नव्याने ठरवावे लागते. त्यामुळे तिथे कवीचा निर्णय अधिकच उघडा पडतो.

दोन कवितांमधला आणखी एक फरक ‘घेतलीस’ या रूपात आहे. इथे ‘तू’ आला. ज्याला ‘तू’ म्हणता येते असा कोणीतरी आहे, किंवा होता. पहिल्या कवितेत चिठ्ठीचा परका आवाज होता, इथे घरातला आहे. त्यामुळे दुसरी कविता अधिक हळवी झाली आहे. माझे मत विचाराल तर मला पहिली अधिक लागते, कारण तिच्यात शोकाला चिठ्ठीच्या चौकटीतून वाट काढावी लागते.

कवीच्या मनात खरोखर एवढे होते का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की विश्लेषण कवीच्या मनाचे नसते, कागदावरच्या शब्दांचे असते. ‘मंगळवारचा’ हा शब्द सहा अक्षरांचा आहे, ही गोष्ट कवीच्या हेतूवर अवलंबून नाही. कवीने तो जाणून निवडला असेल किंवा कानाला बरा वाटला म्हणून ठेवला असेल, अडखळणे वाचकाच्या आवाजात होतेच.

कवीच्या चरित्राबद्दल मात्र जपून राहावे, विशेषतः कवी स्वतः वैद्य किंवा रुग्ण असेल तेव्हा. इंग्रजी कवी जॉन कीट्स याने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि 1816 मध्ये त्याला व्यवसायाचा परवानाही मिळाला होता. 1818 च्या अखेरीस त्याचा धाकटा भाऊ क्षयाने गेला, त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती, आणि 1821 मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयानेच कीट्सचाही मृत्यू झाला. हे माहीत असलेला वाचक त्याच्या प्रत्येक ओळीत खोकला ऐकू लागतो. पण त्याच्या गाजलेल्या उद्देशिका, म्हणजे कोणाला तरी उद्देशून लिहिलेल्या कविता (ओड), 1819 मधल्या आहेत आणि ज्या रक्तस्रावावरून त्याने स्वतःचे निदान ओळखले तो 1820 च्या फेब्रुवारीतला आहे. भावाच्या मृत्यूची सावली त्या कवितांवर असणे शक्य आहे, पण स्वतःच्या मरणाची निश्चित चाहूल त्यांत ऐकणे म्हणजे पुढची तारीख मागच्या कवितेवर लादणे. चरित्राने प्रश्न सुचवावा, उत्तर ओळींकडूनच घ्यावे.

चिरफाड केली की कविता मरत नाही का?

ज्यांना कविता मनापासून आवडते त्यांच्याकडूनच हा आक्षेप येतो, म्हणून तो हलक्यात घेऊ नये. अलंकारांची यादी आणि वृत्ताचे नाव लिहून थांबणारे विश्लेषण कवितेला निर्जीव करते, हे खरे आहे. पण चिरफाड हा एकच वैद्यकीय व्यवहार नाही. वैद्य नाडीही पाहतो. नाडी पाहताना रुग्ण जिवंत असावा लागतो, आणि पाहणाऱ्याला आपले बोट त्याच्या मनगटावर ठेवून शांत बसावे लागते. मघाशी टेबलावर ठेका धरायला सांगितला तो त्यासाठीच. ‘मंगळवारचा’पाशी बोट थबकले हे एकदा जाणवल्यावर कविता कमी आवडू लागली, असे म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

प्रत्येकाला वेगळा भाव जाणवला तर?

वेगळा जाणवतोच, आणि त्यात गैर काही नाही. माझ्या आठ ओळी वाचून कोणी म्हणेल की रुग्ण गेला. दुसरा म्हणेल, तो बरा झाला, आता गोळ्यांची गरज उरली नाही, म्हणून खण भरलेला आहे. तिसरा म्हणेल की त्याने कंटाळून औषध नाकारले, आणि ‘पुरे’ हा त्याचाच शब्द आहे. कवितेत मृत्यू हा शब्द नाही, तेव्हा पहिल्या वाचकाने इतरांना चूक ठरवू नये. मात्र कोणत्या वाचनाला ओळींचा किती आधार मिळतो, हे तपासता येते. बरे झाल्याचे वाचन घेतले तर सातव्या ओळीचे अडखळणे कशासाठी, याचे उत्तर मिळत नाही, कारण आनंदाच्या बातमीला ठेका मोडण्याचे कारण नसते. नकाराच्या वाचनाला ‘पुरे’चा भक्कम आधार आहे. मृत्यूच्या वाचनाला माणसांच्या नसण्याचा आधार आहे.

आणि आठवी ओळ? ती पुन्हा मोजून पाहा. बुधवारी, तसा, उरे. चार, दोन, दोन. मंगळवारी मोडलेला ठेका बुधवारी जसाच्या तसा परत आला आहे, खण मात्र भरलेलाच आहे.